फुकटचं टेबल

आमच्या हुबळी-धारवाडात फुकट दिलेली वस्तू कुणीही घेत नाही, हे एकट्याच्या जिवावर सिद्ध करून दाखवणारा माणूस म्हणजे माझे साडू. इथल्या एखाद्या माणसाला विकत काहीही देता येतं. उधार तर डोळे मिटून देता येतं. पण हातात वस्तू ठेवून "पैसे नकोत" म्हटलं की समोरचा एक पाऊल मागे सरकतो आणि वस्तू उलटीपालटी करून बघायला लागतो. साडूंनी वीस रविवार हे सोसलं, आणि त्या विसांपैकी एकोणीस रविवार मी त्यांच्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो होतो.

ज्या दिवसाबद्दल सांगायचं आहे तो मार्चचा शेवटचा रविवार. वेळ दुपारी पाऊण. रक्कम अकरा रुपये. एक दहाची नोट आणि एक नाणं. हजर चौघे: साडू, पुस्तकाच्या दुकानाचे मालक अण्णा, हातात कापडी पिशवी घेतलेली एक बाई, आणि मी. बाई ते अकरा रुपये परत घ्यायला तयार नव्हती आणि साडू त्या पैशांना हात लावायला तयार नव्हते. पण साडू कोण, हे आधी सांगितल्याशिवाय अकरा रुपयांचं एवढं काय, असं कुणालाही वाटेल.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या अक्कांचे, यजमान. विद्यानगरात राहतात. एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये एकतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाले. या एकतीस वर्षांत त्यांना एकच व्यसन लागलं, ते म्हणजे एक फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम. परदेशातली काही माणसं पगार न घेता ती तयार करतात आणि जगाला वाटून टाकतात. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय, हे साडू सगळ्यांना एकाच पद्धतीने समजावतात: "घरात सगळ्यांच्या आधी कोण उठतं? चूल कोण पेटवतं, दूध कोण घेतं, मग एकेकाला कोण उठवतं? कॉम्प्युटरमध्ये हे सगळं जी करते ती." यावर ऐकणारा "म्हणजे विंडोज" असं म्हणाला तर ते हसून "ती एक झाली" म्हणतात. पण ऐकणारा थोडा शिकलेला असला आणि "म्हणजे लिनक्स का?" असं म्हणाला, तर त्यांचा चेहरा उतरतो. त्यांची ती लिनक्स नव्हे. ती लिनक्सइतकीच गुणी आहे, पण तिला कुणी ओळखत नाही. स्वतःच्या मुलीला कुणी शेजारच्या मुलीच्या नावानं हाक मारावी तसं त्यांना होतं. सुरुवातीला ते दोघींतला फरक पंचवीस मिनिटं सांगत. मी घड्याळ लावून बघितलं आहे. पुढे पुढे त्यांनी फक्त "नाही हो" म्हणून मान हलवायला सुरुवात केली.

घरी त्यांचा कॉम्प्युटर कधी बंद होत नाही. गणपतीला नाही, ग्रहणाला नाही. वीज गेली तर तो चालू राहावा म्हणून त्यांनी इन्व्हर्टर घेतला, आणि इन्व्हर्टरवर भार नको म्हणून वीज गेल्यावर पंखा बंद. एप्रिलच्या दुपारी त्यांच्या घरी जेवायला गेलेला माणूस घामाने भिजतो आणि कोपऱ्यात ते यंत्र गारेगार गुणगुणत असतं. पाहुणा आला की आधी पाणी आणि मग आकडा. सलग किती दिवस ती चालू आहे, हे पडद्यावर एका ओळीत दिसतं. मी शेवटचा बघितला तो आकडा एक हजार दोनशे सहा होता. आकड्यांचा मान राखणारा माणूस मी, विमा कंपनीच्या हिशेब खात्यात केस पिकलेले, त्यामुळे मला तो आकडा आवडला होता हे कबूल करतो. अक्कांचं मत वेगळं. "सवत आहे ती माझी," त्या म्हणतात. "माझे गुडघे किती दिवस दुखतात हे विचारून बघा ह्यांना. आणि ती किती दिवस जागी आहे हे रोज सकाळी चष्मा लावून बघतात."

निवृत्तीच्या आधीपासूनच साडूंनी तिची माहितीपुस्तिका मराठीत आणायला घेतली होती. मूळ ग्रंथ हजार पानांचा. अकरा वर्षं त्यांनी तो थोडाथोडा मराठीत लिहिला आणि त्यातून घरच्या माणसासाठी सोळा पानांची पुस्तिका काढली. कॉम्प्युटर सुरू कसा करायचा इथपासून ती आत कशी बसवायची इथपर्यंत, एकेक पायरी. कॉलेजजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून दोनशे प्रती काढल्या, स्वतः टाचण्या मारल्या. एवढं झाल्यावर त्यांची इच्छा एकच उरली. या जुळ्या शहरांत आपल्याशिवाय आणखी एक माणूस ती वापरणारा निघावा. त्यांनी शंभर मागितले नाहीत, दहा मागितले नाहीत. "एक असला की बोलता येतं हो," ते मला म्हणाले होते. "अडलं कुठं, आवडलं काय. अकरा वर्षं मी भिंतीशी बोलतोय."

तर हा एक माणूस शोधण्यासाठी त्यांनी पुस्तकाचं दुकान निवडलं. त्यांचं गणित असं, की मोबाइलच्या दुकानात माणूस घाईत असतो, बाजारात भाव करत असतो, पण पुस्तकाच्या दुकानात नुसता चाळायला आलेला माणूस रिकामा असतो आणि त्याचं डोकं थोडं उघडं असतं. दुकान जुन्या हुबळीच्या वाटेवरचं, कानडी-मराठी दोन्ही पुस्तकं, वह्या, पंचांगं, गाईडं. मालक अण्णा साडूंना मास्तर म्हणतात. त्यांनी दाराजवळचं एक टेबल दिलं, भाडं नाही. पण दिवाळीनंतरच्या पहिल्याच रविवारी अट सांगून टाकली. "मास्तर, एप्रिलला गाईडं येतात, तेव्हा हे टेबल मला पाहिजे की हो. मार्चअखेरपर्यंत बसा. तोवर एक, ओंदे ओंद माणूस, नेलेलं घेऊन परत येऊन तुम्हाला काही विचारला, तर तुमची जागा इथं कायम. पुस्तकाचंही असंच असतंय. दुसरा भाग मागायला आला तर खरा गिऱ्हाईक." साडूंना अट एकदम पटली. मला ती नुसती ऐकूनच कठीण वाटली होती, पण मला कुणी विचारलं नव्हतं.

मला विचारलं ते दुसऱ्या गोष्टीसाठी, आणि ते विचारणंही नव्हतं. पहिल्या रविवारी साडू एकटेच बसले आणि कुणीतरी त्यांना साबणाचा नमुना वाटणारा समजून दोन मागितले. अक्कांचा फोन आला. माझी बायको फोन ठेवून म्हणाली, "भावजी एकटे बसतात, लोक हसतात म्हणे. तुम्ही जाऊन बसा की. रविवारी तुम्ही तरी काय करता?" रविवारी मी झोपतो. सहा दिवस काम करून झोपतो. पण हे उत्तर चालणारं नव्हतं. म्हणून केशवापूरहून सिटी बस पकडून साडेदहाला दुकानात हजर व्हायचं आणि एकला सुटायचं, असा माझा रविवार ठरून गेला.

साडूंची विक्रीची पद्धत बघण्यासारखी होती. गिऱ्हाइकाच्या हातात जे पुस्तक असेल त्यावरून ते सुरुवात करत. स्वयंपाकाचं पुस्तक चाळणाऱ्या बाईंना ते म्हणाले, "हॉटेलचा मसाला आणि घरचा मसाला यात फरक काय? घरच्यात काय काय घातलंय ते आपल्याला माहीत असतं. ही तशी आहे, उघडी कृती." बाई म्हणाल्या, "मला साधी गोडा मसाल्याची कृती पाहिजे." पंचांग बघणाऱ्या गृहस्थांना त्यांनी सांगितलं की हिला साडेसाती नाही, राहुकाळ नाही, कधीही सुरू करा. घरगुती औषधांचं पुस्तक घेतलेल्या आजोबांना ते म्हणाले, "व्हायरसचा त्रास जवळजवळ नाहीच." आजोबांनी नाकावरचा रुमाल घट्ट केला आणि निघून गेले.

बरं, कुणी थांबून ऐकायला लागलाच, तर साडू आपल्या प्रामाणिकपणानं त्याला घालवत. ते गुणांच्या आधी दोष सांगत. "तुमचा प्रिंटर चालेलच असं नाही. आवाज येईल, पण कदाचित एकाच बाजूनं. पहिल्यांदा काळा पडदा दिसेल, घाबरू नका." एकदा एक बँकेतले गृहस्थ दहा मिनिटं खरोखर मन लावून ऐकत होते. पुस्तिका हातात घेतली, पाकिटाला हात घातला. "एष्टु री?" म्हणाले. साडू हसून म्हणाले, "पैसे नाहीत, फुकट." गृहस्थांचा हात पाकिटावरच थांबला. "फुकट? मग तुमचं यात काय?" साडू म्हणाले, "काही नाही." त्या माणसाने पुस्तिका खाली ठेवली. "ब्याड री, नको," म्हणाला आणि बाहेर जाऊन दोनदा मागे वळून बघितलं. मी साडूंना म्हटलं, "पन्नास रुपये किंमत लावा. निदान विश्वास बसेल." ते दुखावल्यासारखे माझ्याकडे बघत राहिले. "देणाऱ्यांनी जगाला फुकट दिलीय, साडूभाऊ. मी मध्ये बसून पैसे घेऊ?" ही गोष्ट मी अक्कांना सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "आम्ही बायका बसनं फुकट फिरतो. सरकारनं त्यासाठी टेबल मांडलंय का? द्यायचं तर सरळ द्यावं, भाषण कशाला?"

मी नुसतं बसून राहू शकत नाही, म्हणून एका छोट्या वहीत नोंद ठेवत होतो. डिसेंबरअखेर टेबलाशी थांबलेले लोक चारशे बारा. पैकी एकशे एकतीस जणांनी डायऱ्या कुठे आहेत हे विचारलं, शहाण्णव जणांनी कॅलेंडर मागितलं, अठ्ठावन्न जणांना मोबाइल दुरुस्त करून हवा होता. उरलेल्या एकशे सत्तावीस जणांनी एक मिनिट किंवा जास्त ऐकलं. पुस्तिकेबरोबर द्यायला साडूंनी ती सीडीच्या तबकड्यांवर भरून आणली होती; त्या तबकड्या गेल्या नऊ, त्यातल्या सहा एकाच माणसाने नेल्या. त्या दिवशी साडूंनी मला वडा खायला घातला. पुढच्या रविवारी तोच माणूस आणखी मागायला आला तेव्हा कळलं, की पहिल्या सहा त्याने शेतात दोरीला टांगल्या आहेत आणि ज्वारीवरची पाखरं छान उडतात. अण्णा गल्ल्यावरून म्हणाले, "परत आला की मास्तर! विचारलाही!" साडू म्हणाले, "तो ज्वारीसाठी आला, अण्णा. धरू नका." अण्णा धरायला तयार होते, साडूच तयार नव्हते. असा हा माणूस.

तबकड्या आता कुणाच्या यंत्रात बसतच नाहीत, हे लक्षात आल्यावर साडूंनी चाळीस पेनड्राइव्ह आणले. प्रत्येकात ती भरली. प्रत्येकाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली: अडल्यास रविवारी साडेदहा ते एक या दुकानात भेटावे. पण अनोळखी पेनड्राइव्ह म्हणजे काहीतरी भानगड, हे एव्हाना सगळ्यांना माहीत झालं आहे. दोन रविवारांत एकही गेला नाही. खोकं अक्कांच्या जेवणाच्या टेबलावर पडून राहिलं. मग संक्रांत आली, आणि त्या खोक्याला कंटाळलेल्या अक्कांनी ते हातात घेतलं.

हळदीकुंकवाला काय लुटायचं हा प्रश्न दरवर्षी असतो. प्लास्टिकचे डबे झाले, चाळण्या झाल्या, स्टीलच्या वाट्या झाल्या. अक्कांनी त्या वर्षी पुस्तिका आणि वर पेनड्राइव्ह असं वाण दिलं. टेबलावरची वस्तू माणूस नाकारतो. वाण कुणी नाकारत नाही. अडतीस बायका तिळगूळ आणि ऑपरेटिंग सिस्टिम पदरात घेऊन घरी गेल्या. माझी बायकोही त्यातच. दोन महिन्यांत जे साडूंना जमलं नाही ते अक्कांनी दोन तासांत केलं. फक्त एक झालं. वाण म्हटल्यावर त्याला हळदीकुंकू लावायला हवं, म्हणून अक्कांनी प्रत्येक पेनड्राइव्हला लावलं, आणि लावताना बऱ्याच वेळा बोट नेमकं त्याच्या धातूच्या तोंडात गेलं.

आठवड्याने विद्यानगरातल्या एका बाईंचा अक्कांना फोन आला, की वाण चालत नाही. मी तिथेच होतो. साडू चहाचा कप ठेवून उभे राहिले. "तक्रार आली! ऐकलंत? म्हणजे लावून बघितलं कुणीतरी!" आणखी दोन तक्रारी आल्या. साडूंना वाटलं आता लाट आली. पुढच्या रविवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि खिशातून एक कागद काढून मला दाखवला. ती बनवणाऱ्या परदेशातल्या माणसांना पाठवायचं पत्र होतं. त्यात लिहिलं होतं की आमच्या गावात आता अडतीस घरांत ही पोचली आहे, आणि तुमचे आभार कसे मानावेत कळत नाही. "आकडा तुम्ही एकदा तपासून द्या," ते म्हणाले. "मग पाठवतो."

त्यांनी आकडा तपासायला मला सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. कारण त्याच्या आदल्या रात्री जेवताना माझ्याच घरी भजन लागलं होतं, आणि ते टीव्हीला लावलेल्या पेनड्राइव्हमधून येत होतं. दोऱ्याची चिठ्ठी अजून लोंबत होती. "आत काहीतरी इंग्रजी होतं, ते काढून टाकलं," बायको म्हणाली. "आमच्या मंडळाची सगळी भजनं मावली. चांगली वस्तू दिली अक्कानं." मी तिला यादी करायला लावली. फोन करून, भजनाला गेल्यावर विचारून, तिने दहा दिवसांत माहिती आणली. एकवीस घरांत भजनं आणि गाणी. नऊ घरांत लग्नामुंजीचे फोटो. चार ठिकाणी कपाटात, पुडीत. तिघींचे हळदीकुंकवामुळे बंद. एकूण सदतीस.

"आणि अडतिसावा?" मी विचारलं.

"तो त्या फॉल लावणाऱ्या बाईला गेला म्हणे. साड्या द्यायला आली होती नेमकी, म्हणून अक्कानं तिच्याही हातावर ठेवला. तिचा फोन लागत नाही. तिच्याकडे कुठला आलाय कॉम्प्युटर? शून्यच धरा."

"न विचारता शून्य धरत नाही मी," असं म्हणून मी त्या नावापुढे 'माहीत नाही' लिहिलं. हे मी आशेनं लिहिलं नव्हतं. सवयीनं लिहिलं होतं.

साडूंना सांगायला मला दोन रविवार लागले. फेब्रुवारीचा शेवट होता, ऊन वाढलं होतं, दुकानात कुणी नव्हतं. मी वही त्यांच्यापुढे उघडून ठेवली. त्यांनी बोट ठेवून एकेक ओळ वाचली, तुमच्यामाझ्यासारखा माणूस बिल वाचतो तशी. माझ्या घरचं नाव नवव्या ओळीत होतं, तिथे बोट जरा थांबलं आणि पुढे गेलं. मग खिशातलं पत्र काढून त्यांनी चार घड्या घातल्या. "बरं झालं वेळेवर सांगितलंत," म्हणाले. "पाठवलं असतं तर खोटं झालं असतं." थोड्या वेळाने म्हणाले, "पण तुम्ही शून्य लिहिलेलं नाही."

"एक माहीत नाही," मी म्हटलं.

"मग एक बाकी आहे," ते म्हणाले, आणि टेबलावरच्या पुस्तिका सरळ करायला लागले.

त्यानंतरचे चार रविवार मी कधी विसरणार नाही, कारण त्यात आठवण्यासारखं काहीच घडलं नाही. साडूंनी हातातल्या पुस्तकावरून बोलणं सुरू करायचं सोडलं. कुणी थांबलं तर उभे राहत, विचारलं तर सांगत. दोघांच्या पाठी दुखत होत्या. एकला उठायचं, समोरच्या टपरीवर चहा प्यायचा, आपापल्या चहाचे पैसे आपण द्यायचे, आणि ते विद्यानगरच्या बसला आणि मी केशवापूरच्या. मार्चच्या शेवटच्या रविवारी अण्णांच्या माणसांनी गाईडांचे गठ्ठे टेबलाशेजारी आणूनच ठेवले होते. साडूंनी साडेबारालाच आवरायला घेतलं. एकशे साठ पुस्तिका उरल्या होत्या, मी मोजल्या. त्या खोक्यात भरताना ते म्हणाले, "पुढची प्रकरणं आता करत नाही. पुष्कळ झालं." मलाही पुष्कळ झालं होतं.

तेवढ्यात दारात ती बाई आली. नऊवारी नव्हे, साधं पातळ, हातात कापडी पिशवी, उन्हानं चेहरा रापलेला. तिने पिशवीतून पुस्तिका काढली. कोपरे दुमडलेले, मधल्या पानावर हळदीचा डाग.

"हे वाणाचं पुस्तक लिवलेलं साहेब कोन?" तिने विचारलं.

साडू हातात खोकं घेऊन तसेच उभे राहिले. अण्णांनी बोट दाखवलं.

"मी शोभा. अक्कांच्या साड्यांस्नी फॉल लावतो न्हवं, ती. अळनावरकडनं आलोय. बस फुकट हाय म्हणून आलो, न्हाईतर कुठलं जमतंय." तिने पान सहा उघडून बोट ठेवलं. "साहेब, हितं तुम्ही लिवलाय, 'आता थांबा.' त्याच्याफुडं सातव्या पानावर एकदम 'तुमचं नाव लिहा.' पडद्यावर तर नाव लिवायला जागाच येईना. किती थांबायचं? नऊ दिस वाट बघालोय. मशीन बंद केलं न्हाई. लाईट गेली की पुन्हा पान एकपासनं."

तिच्या नवऱ्याला नुकताच धारवाडजवळच्या बेलूरच्या कारखान्यातून मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर मिळाला होता. टीव्ही होईल या आशेनं आणलेला. वाण तिने पाच दिवस देवापुढे ठेवलं. पुसायचं तिच्या मनातही आलं नाही, वाण कुणी पुसतं का? मग पुस्तिका वाचत, बोटाने ओळी धरत, ती पान सहापर्यंत आली होती.

साडूंनी खोकं खाली ठेवलं. तिच्या हातातलं पान वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "एक ओळ राहिली," ते हळू म्हणाले. "'थांबा, आणि बाण दिसला की एंटर दाबा.' दुसरी अर्धी ओळ राहिलीच." मग त्यांचा आवाज चढला. "साडूभाऊ, पान सहा! चूक आहे! दोनशे प्रतींत चूक आहे!" इतका आनंद झालेला मी त्यांना मुलीच्या लग्नातही बघितला नव्हता. दोनशे प्रतींतली ती चूक कुणालाच सापडली नव्हती, कारण पान सहापर्यंत आजवर कुणी आलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

"मग एंटर दाबू?" शोभाबाईंनी विचारलं.

"दाबा. मग नाव लिहा. मग मला सांगायला या."

तिने पुस्तिका पिशवीत घातली आणि पदराच्या गाठीतून दहाची नोट आणि एक नाणं काढून टेबलावर ठेवलं. साडू मागे सरकले. अगदी त्यांचे गिऱ्हाईक सरकत तसे. "नको हो. हे फुकट असतं. पैसे घेत नाही याचे."

"वाण फुकट. ती चूक सांगितलासा, ती शिकवण झाली. शिकून रिकाम्या हातानं उठायचं न्हाई आमच्यात."

"चूक तुम्ही मला सांगितलीत!"

"ते काई असू दे. ठेवलेलं उचलणार न्हाई मी."

दोघेही हटेनात. पाऊण वाजला होता, मला भूक लागली होती, अण्णांची माणसं टेबल उचलायला बाहेर थांबली होती. शेवटी अण्णा गल्ल्यावरून उठून आले, अकरा रुपये उचलले आणि म्हणाले, "मास्तर घेत नाहीत, बाई उचलत नाहीत. मी घेतो. हे भाडं." त्यांनी पावतीपुस्तक काढून लिहिलं: स्टूल, पंचांगांच्या रॅकशेजारी, एक वर्ष, अकरा रुपये मिळाले. पावती साडूंच्या हातात दिली. "टेबल जातंय बघा. पण अट अटच. परत येऊन विचारला की. आय्तु बिडरी, झालं म्हणा, बसा तुमचं तुम्ही."

मी वही काढली. शोभाबाईंच्या यंत्रात ती अजून बसलेली नव्हती. एंटर अजून दाबायचं होतं. काटेकोर बघायचं तर त्यांना वापरणाऱ्यांत धरता येत नव्हतं, आणि मी आयुष्यभर काटेकोरच बघत आलो आहे. 'माहीत नाही' खोडलं आणि 'एक' लिहिलं.

चहा पिताना मी विचारलं, "एकोणीस रविवार मी शेजारी बसलो. माझ्या घरी कॉम्प्युटर आहे. मला तुम्ही एकदाही घ्या म्हणाला नाहीत."

ते कपात बघत म्हणाले, "तुम्ही नको म्हणाला असता. आणि मग पुढच्या रविवारी आला नसता."

मी नको म्हणालो असतो हेही खरं, आणि आलो नसतो हेही.

आता ते पंचांगांच्या रॅकशेजारी स्टुलावर बसतात. उरलेल्या एकशे साठ पुस्तिकांत पान सहावर त्यांनी निळ्या शाईने स्वतःच्या हातानं अर्धी ओळ लिहिली आहे. अक्षर ओळ सोडून वर चढत गेलं आहे. मला जायची आता गरज नाही, बायकोही काही म्हणत नाही. पण रविवारी साडेदहाला मी केशवापूरच्या स्टॉपवर असतो. एकच स्टूल असल्यामुळे मी उभाच राहतो, आणि मधूनमधून एक पुस्तिका उचलून वाचतो. मी पान चारपर्यंत आलो आहे.

त्या दिवशीचं शेवटचं देणं राहिलं, ते लिहून टाकतो. चहाचे चोवीस रुपये, टपरीवाल्याला, दोघांचे. ते साडूंनी दिले. माझे बारा मी अजून परत केलेले नाहीत, आणि करणारही नाही.